अजून कोण राह्यलं?

त्यांनी माझं तोंड पाहायच्या आधी माझे हात पाहिले. मी कंटेनरच्या ऑफिसात शिरले, नाव सांगितलं, नागपूरच्या ऑफिसचं पत्र पुढे केलं, आणि हा माणूस पत्राला हात न लावता म्हणाला, "हात दाखवा." मला वाटलं, ज्योतिष बघतो की काय. दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "कागदाचे आहेत. चालन." एवढ्यावर माझी मुलाखत संपली.

त्यांना सगळी साईट नुसतं 'बाबू' म्हणायची. हेमलकशाहून भामरागडकडे जाताना आडव्या येणाऱ्या एका नदीवर आमच्या कंपनीनं पुलाचं काम घेतलं होतं. पावसाळ्यात त्या नदीनं रस्ता अडवला की पलीकडची गावं दिवाळीपर्यंत पलीकडेच राहायची. पुलावर किती माणसं लागली, किती तास लागले, त्या तासांत किती काम उठलं आणि त्यावर मजुरीचा खर्च किती बसला, हे रोजच्या रोज मांडायचं काम बाबूंचं. मी तिथं प्लॅनिंग इंजिनीयर म्हणून गेले. म्हणजे बाबूंनी मांडलेलं तपासायचं, नागपूरला पाठवायचं आणि खर्च कुठे कापता येईल ते शोधायचं. मी ऊर्जानगरची, थर्मल पॉवरच्या क्वार्टरात वाढलेली. भोंगा वाजला की बाप कामावर, कंपनीची बस आली की बाप घरी. माणसाचे तास मोजण्यात काही गूढ असतं हे माझ्या गावीही नव्हतं.

बाबू पन्नाशी उलटलेले, काटकुळे. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आमच्या भागातल्या उन्हात त्या शर्टाकडे बघूनच मला घाम यायचा. टेबल खिडकीशी, खिडकीबाहेर नदी, आणि हे खुर्ची फिरवून नदीकडे पाठ करून बसायचे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "बाबू, समोर काम चाललंय आणि तुम्ही भिंतीकडे काय बघता?"

"डोये लबाड असतेत, मॅडम," ते म्हणाले. "समोर बसलं का जे दिसलं तेच मोजतेत. पाठीनं बरोबर समजते."

"पाठीनं काय समजतं?"

"किती हात चालून राह्यले ते."

'मजूर' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. हात. आज किती हात आले, रेतीवर किती हात लावले, सळाखीवर किती. आणि प्रत्येकाचा हात सारखा नाही. मुकादम सव्वा हात. सिरोंच्याकडचा तेलुगू गवंडी दीड हात, पण त्याचा चहा चुकला की पाऊण. नदीपलीकडच्या गावचा एक म्हातारा दगड फोडायला यायचा, तो अर्धा हात. नागपूरच्या प्रोजेक्ट मॅनेजरबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "त्याले हातच नाई. नुसतं तोंड आहे." हे मी मॅनेजरला सांगितलं नाही, पण फोनवर त्याचा आवाज आला की मला हसू आवरायचं नाही.

तर रोज सकाळी बाबू असे हात जोडायचे, त्यावरून आज एवढं काम उठलं पाहिजे असा अंदाज करायचे, आणि संध्याकाळी झालेलं काम मोजून अंदाजाशी ताडून बघायचे. काम कमी पडलं तर चिडत नसत. "कोणाची तब्येत नसन," म्हणायचे. काम जास्त झालं की मात्र जेवण जायचं नाही त्यांना. जगात सगळे उलटे असतात. मजुरी तेवढीच आणि काम जास्त, तर कुठलाही हिशेबनीस पेढे वाटेल. हा बाबा तोंड पाडून बसायचा.

माझ्या आधीच्या माणसानं जाताना मला बजावलं होतं की हजेरीत खोटी नावं शोधा, नाव आहे आणि माणूस नाही असं सगळीकडे असतं. बाबू नेमकं उलटं शोधायचे. काम आहे आणि माणूस नाही.

"एक हात जास्त होऊन राह्यला, मॅडम," त्यांनी एके दिवशी मला सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली आणला की मी वाकले. "कव्हाचा होऊन राह्यला. खाली कोणीतरी आहे, ज्याचं नाव आपल्याजवळ नाई."

"मग चांगलंच आहे की. फुकटात काम होतंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटावी, पण मला वाटली नाही. मग ते म्हणाले, "वर पाणी पडलं आन् नदी आली, तर आपण कोणाले आवाज देऊ? ज्यायचे नावं आपल्याजवळ आहेत त्यायले. मंग त्याले कोण आवाज देईन?"

ती नदी तशीच होती. आपल्या डोक्यावर स्वच्छ आभाळ आणि छत्तीसगडात वळीव कोसळला की पात्रात पाणी कधी चढेल सांगता यायचं नाही. पुलाच्या पायांचं काम मात्र पात्रातच. रेतीच्या पोत्यांचा बांध घालून मधली जागा कोरडी केलेली, आणि तिथं खोल खड्ड्यात माणसं. म्हणून बाबूंनी बिल्ल्यांची पद्धत ठेवली होती. मोहाच्या झाडाला एक फळी, फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा. एका रांगेवर 'खाली' लिहिलेलं, दुसरीवर 'वर'. प्रत्येकाचा पितळी बिल्ला. उतरताना बिल्ला खालच्या रांगेत अडकवायचा, चढून आलं की वरच्या. ही पद्धत त्यांनी कोळशाच्या खाणीतून आणली होती. त्यांचे वडील खाणीच्या दिवेघरात होते, खाली जाणाऱ्याला डोक्यावरचा दिवा द्यायचा आणि वर आला की परत घ्यायचा.

वडिलांची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भिंतीकडे बघत. एक माणूस सुट्टी असताना मित्राला तंबाखू द्यायला आला आणि स्वतःचा दिवा न घेता, मित्राच्याच दिव्याच्या उजेडात त्याच्याबरोबर खाली गेला. मित्र दुसऱ्या वाटेनं वर आला, त्याला वाटलं हाही आला. मधे छत बसलं. दिवेघरात दिवे मोजले, सगळे परत आलेले. मेळ बसला. सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची बायको दारात येऊन उभी राहिली, तेव्हा वडिलांना समजलं.

"मेळ बसला होता, मॅडम," बाबू म्हणाले. "मले मेळ बसला का भेव लागते."

म्हणून संध्याकाळचा तो प्रकार. काम संपलं की बाबू लोंबकळत्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी पहार मारायचे. सगळे वर यायचे, बिल्ले वरच्या रांगेत लावायचे. बाबू फळीवरून नजर फिरवायचे. माणसांकडे बोट करून मोजणं त्यांना चालायचं नाही, माणूस मोजला की एक कमी होतो म्हणायचे. बिल्ले सगळे वर आले की ते नदीकडे पाठ करून उभे राहायचे आणि नेहमीच्या आवाजात, घरात कोणी जेवायचं राहिलंय का विचारावं तसं विचारायचे, "अजून कोण राह्यलं?"

आणि थांबायचे. पाव तास. कोणी बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही, पोरीबाळी असल्या तरी खुसफूस नाही. मग बाबू म्हणायचे, "चला," आणि ट्रॅक्टर सुरू व्हायचा.

मला नागपूरनं पाठवलं होतं ते या पाव तासासाठीच. रोज एवढ्या माणसांचा पाव तास नुसता उभं राहण्यात जातो, वर तो ओव्हरटाइममध्ये बसतो, कापा तो. मॅनेजर फोनवर म्हणाला, "मॅडम, त्या म्हाताऱ्याच्या नाटकाची किंमत काढा आणि मला पाठवा." मी काढली. बरीच भरली. कागद घेऊन मी तावातावानं निघाले, आज याला सांगतेच म्हणून, आणि पोचले तेव्हा रूळ वाजत होता. म्हटलं होऊन जाऊ दे, मग बोलू. झाडाखाली सगळ्यांच्या मागे उभी राहिले.

"अजून कोण राह्यलं?"

मी घड्याळाकडे बघत होते. टिटवी ओरडायची थांबली. पाण्याचा आवाज होता तो जरा लांब गेल्यासारखा झाला. आणि खाली, पुलाच्या पायाच्या पलीकडे, कोणीतरी उत्तर द्यायला श्वास घेतला. घेतला आणि सोडला नाही. मी शपथेवर सांगत नाही. उन्हातून चालत आले होते, पोटात सकाळपासून काही नव्हतं. पण माझ्या दंडावर काटा आला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुकादमानं तो पाहिला.

"आला ना तुमाले पण?" तो हळूच म्हणाला.

मुकादम सिंदेवाहीकडच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या गावचा. उन्हाळ्यात तळी आटली की त्याच्या गावची माणसं अशा कामांवर यायची. नंतर चहा घेताना मी त्याला फैलावर घेतलं, की तुम्ही धडधाकट माणसं, त्या बाबूच्या नादी काय लागता, घरी जायला उशीर नाही होत?

"आमच्यात तळं झाडलं ना बाई, का मासोळीचे वाटे घालतेत," तो म्हणाला. "जेवढे माणसं तेवढे वाटे, आन् त्याच्याहून एक जास्त. तो तळ्याचा. तिथीच काठावर ठेवून यायचा."

"मग तो कोण नेतं?"

"सकाळी नसते तिथी."

"मांजर नेत असेल."

"असन," तो म्हणाला आणि चहा पीत राहिला. "पण वाटा ठेवल्याबिगर कोणी घरी जात नाई."

यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. किमतीचा तो कागद मी नागपूरला पाठवलाच नाही. पाव तास मात्र कुठेतरी दाखवायलाच हवा होता, म्हणून खर्चाच्या तक्त्यात एक नवीन ओळ घातली, 'औजारे धुणे व जमा करणे'. मॅनेजरनं ती पाहिली आणि शाबास म्हणाला. औजारं धुतल्यानं त्यांचं आयुष्य वाढतं, असं त्यानं मलाच समजावून सांगितलं. बाबूंना मी ही ओळ दाखवली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात नव्हते.

आता कोणी म्हणेल बाबू म्हणजे अंतर्ज्ञानी. कसले आलेत. एकदा काम फारच जास्त भरलं म्हणून त्यांनी सगळ्यांना वर काढलं, अर्धा दिवस काम बंद ठेवलं, खड्डा न् खड्डा शोधायला लावला. मी वैतागून मोजायची फीत हातात घेतली तर तिचं पहिलं वीतभर टोक तुटलेलं. दोन दिवस सगळी मापं तेवढ्यानं जास्त येत होती. मी ती फीत त्यांच्या टेबलावर आपटली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हे घ्या तुमचं भूत." मुकादमासकट सगळे हसले. बाबूंनी फीत उलगडून पाहिली, गुंडाळली. "फीत खोटी निघाली, मॅडम," ते म्हणाले. "आजच्यापुरती." आणि खरोखरच नवी फीत आणून मोजलं तरी एक हात जास्त येतच राहिला. त्यांचा हिशेब तसा म्हणत होता. माझा म्हणत नव्हता, कारण मी माणूस म्हणजे माणूस धरायची, सव्वा आणि पाऊण नाही.

मग पावसाळ्याच्या तोंडावर तो दिवस आला. दुपार कलली होती, ऊन चांगलं कडक होतं. चहावाली बाई घागर घेऊन वर आली आणि म्हणाली, पाणी लाल येऊन राह्यलं. एवढंच. मी बाहेर जाऊन बघते तोवर बाबूंनी रूळ बडवायला घेतला होता. रोजच्यासारखा नाही, भराभर. माणसं धावत वर आली. फावडी तिथंच टाकून आली. बिल्ले खणाखण वरच्या रांगेत लागले. बांधापलीकडे पाण्याचा रंग बदलताना दिसत होता, काटक्या, पाचोळा, फेस.

"पुरे हायेत, बाबू," मुकादम ओरडला. "एकबी खाली नाई. चला."

मी स्वतः फळी पाहिली. खालची रांग मोकळी होती. माझा जीव भांड्यात पडला. ट्रॅक्टर चालू होता, माणसं चढत होती, आणि बाबूंनी नदीकडे पाठ केली.

"बाबू, आज नको," मी म्हटलं. "आज खरंच नको."

"अजून कोण राह्यलं?"

"मी."

मोठ्यानं नाही. हाक मारल्यासारखंही नाही. शेजारच्या खोलीतून कोणी सहज ओ द्यावी, तसं. सगळ्यांनी ऐकलं. हे मी आजही छातीठोक सांगते, सगळ्यांनी ऐकलं. ट्रॅक्टरवर चढणारी माणसं एक पाय वर आणि एक खाली अशी उभी राहिली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, बिल्ल्यांकडे पाहिलं. कोणी हललं नाही. मी पण नाही.

बाबूंनी चपला काढल्या, झाडाखाली नीट जोडून ठेवल्या आणि खाली उतरायला लागले. तेव्हा मुकादम भानावर आला. त्यानं दोर उचलला आणि त्यांच्यामागे धावला. वरून आम्हाला पायाच्या अलीकडचं दिसत होतं, पलीकडचं नाही. ते दोघं पायाला वळसा घालून गेले आणि दिसेनासे झाले. बांधाच्या पोत्यांतून पाणी झिरपायला लागलं होतं. मी देवाचं नाव घेणाऱ्यातली नाही, त्या दिवशी घेतलं.

आले तेव्हा दोघांच्या मधे एक बाई होती. तिशीतली, कमरेला पदर खोचलेला, एक पाय लोंबता. पुलाच्या पायाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं दगड फोडणाऱ्याशिवाय आमच्यातलं कोणी फिरकत नसे, तिथं दगडाच्या ढिगापाशी तिचा पाय दोन धोंड्यांत अडकला होता. पाणी मांडीपर्यंत चढलं होतं म्हणे. झाडाखाली आणून बसवली तेव्हा पलीकडच्या गावचा एक जण म्हणाला, ही तर आमच्या म्हाताऱ्याची पोरगी.

तो दगड फोडणारा म्हातारा, बाबूंचा अर्धा हात. त्याच्या हातून आता पुरेसं काम होत नव्हतं. कामावरून काढतील म्हणून ही रोज जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या काठानं यायची आणि बापाच्या ढिगावर दगड फोडून जायची. बायकांना पात्रात कामाला उतरू द्यायचं नाही असा आमच्याकडे नियम होता, म्हणून लपून. त्या दिवशी बाप तापानं घरी पडला होता, तरी ढीग रिकामा दिसू नये म्हणून ती आली होती आणि सुट्टी संपल्यावरही थांबली होती. म्हणजे बाबूंचा जास्तीचा हात हा. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्यावरच खेकसले, "अगं, आधीच ओरडायचं ना मग? एवढं हळू 'मी' म्हणतात का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या गावचा माणूस म्हणाला, "मॅडम, ती मुकी आहे. जन्माची."

पुढे माणसं त्यावर बोलायला लागली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. मी 'मी' ऐकलं. मुकादमानं पण. गोंडांच्या पोरांना विचारलं तर ती म्हणाली, 'नन्ना'. सिरोंच्याचा गवंडी सांगत होता की स्वच्छ 'नेनू' म्हटलं, त्याच्या आईच्या बोलीत. ज्याला जे समजतं ते त्याला ऐकू आलं होतं.

पण हे सगळं मागाहून. तिथं झाडाखाली बाबू एवढंच म्हणाले, "हा आवाज बाईचा नव्हता," आणि परत उताराकडे वळले. मी धावले. त्यांच्या त्या गळाबंद शर्टाची कॉलर मागून धरली, दोन बटणं तुटली, सोडली नाही. त्याच वेळी बांध फुटला. पोती फुलासारखी उचलली गेली आणि खड्डा, पायवाट, दगडांचा ढीग सगळं लाल पाण्याखाली गेलं. बाबू झटापट करत नव्हते. माझ्याकडे वळून ते विचारत होते, रागावून नाही, खरंच विचारत होते.

"त्यानं तिले वर आणलं, मॅडम. त्याले कोण वर आणन?"

त्या पावसाळ्यानंतर काम परत सुरू झालं तेव्हा मी भांडून त्या बाईचं नाव हजेरीवर घेतलं. बाबूंनी तिला स्वतः बिल्ला दिला, तिचे हात पाहून म्हणाले, "पुरा एक." म्हाताऱ्याला पाणी वाटायला ठेवलं. मी म्हटलं, आता तरी तुमचा मेळ बसला?

"बाईचा हात हिशोबात आला," बाबू म्हणाले. "पण ज्यानं आवाज देला त्याचा नाई आला." त्यांनी एक कोरा बिल्ला करून घेतला होता, नाव नाही, काही नाही. तो त्यांनी खालच्या रांगेत अडकवला. तो कधी वर गेला नाही.

मला राहवेना. एके दिवशी मी त्यांच्या पद्धतीनं हिशेब केला, सव्वा, पाऊण, दीड, त्या बाईचा पूर्ण एक, सगळं धरून. नवी फीत घेऊन काम मी स्वतः मोजलं. एक हात जास्त आला. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. मग मी मोजणं सोडून दिलं आणि नागपूरला माझ्या पद्धतीचेच आकडे पाठवत राहिले.

पूल झाला. पलीकडच्या गावांना पावसाळ्यात पहिल्यांदा गाडी गेली. साईट गुंडाळली, कंटेनर उचलले, माणसं पांगली. मला नागपूरच्या ऑफिसात घेतलं, तिथं मी टेंडरचे दर काढते. बाबूंची नोकरी तिथंच संपली आणि ते गेलेच नाहीत. पलीकडच्या गावात एक खोली घेऊन राहिले. का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. खाली एक जण असताना हा माणूस काम बंद झालं म्हणणार नव्हता. मुकादमाचा कधी फोन आला की सांगायचा, बाबू रोज संध्याकाळी रूळ वाजवतेत, विचारतेत, थांबतेत, घरी जातेत. लोकांना त्याची सवय झाली होती. पुलावरून जाणारी एसटी त्या वेळी हॉर्न वाजवायची नाही म्हणे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मुकादमानं कळवलं तेव्हा माती होऊन गेली होती. मी दोन दिवस रजा काढली आणि गेले. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण मोहाच्या झाडाला ती फळी तशीच दिसली आणि आलं. खिळे गंजलेले. खालच्या रांगेत एकच बिल्ला, कोरा.

उन्हं उतरत होती. पलीकडून ती बाई आली, एक पाय जरा ओढत. मला ओळखलं, खांद्याला हात लावला, आणि माझी सवय म्हणा, मी तिचे हात पाहिले. मऊ पडले होते. ती आता शाळेत खिचडी शिजवते, दगडाला हात लावून वर्षं झाली असतील. तिनं पहार उचलली, रूळ वाजवला, नदीकडे पाठ केली आणि उभी राहिली. विचारायला तिच्यापाशी वाचा नव्हती. म्हणून मी विचारलं.

"अजून कोण राह्यलं?"

आम्ही थांबलो. मला काही ऐकू आलं नाही, खरं तेच सांगते. पण तिनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. मग ती खाली उतरायला लागली. पात्र कोरडं होतं, पाणी पलीकडच्या काठाला बारीक धारेनं चाललेलं, भीतीचं काही नव्हतं. तरी मी तिचा दंड धरला. मग सोडला, आणि चपला काढून तिच्यामागे गेले.

पायाच्या पलीकडच्या अंगाला रेतीवर दगडांचा एक ढीग होता. ठेकेदाराच्या मापाला घालतात तसा, माथा सपाट, चारी बाजू नीट. पूल होऊन इतकी वर्षं झाली, तिथं कसलंच काम चालू नाही. दगड फोडलेल्या अंगानं पांढरे होते, धूळसुद्धा बसली नव्हती. मी बाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मी नाही म्हणून, आणि पदराच्या गाठीतून तो कोरा बिल्ला काढून ढिगावर ठेवला. फळीवरून कधी काढला ते मी पाहिलं नव्हतं.

मी वाकले. फीत नव्हती, वितीनं मापला. लांबी, रुंदी, उंची. बाबूंच्या हिशेबानं ते एका हाताचं एका दिवसाचं काम होतं.